बारावा गडी : टेक्सस ए अँड एमचा फुटबॉल संघ, त्याच्या परंपरा आणि ऑफ-सीझन

बारावा गडी : अमेरिकेच्या टेक्सस राज्यात कॉलेज स्टेशन या गावी असलेल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा चाहतावर्ग, आणि त्याच्याभोवती शंभराहून अधिक वर्षांत साचत गेलेल्या प्रथा. फुटबॉल म्हणजे येथे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा आणि धडकाधडकीचा. मैदानात अकरा जण उतरतात, म्हणून प्रेक्षकांत उभा असलेला विद्यार्थी बारावा. विद्यापीठांचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. नियमित 12 सामने नोव्हेंबर संपता संपता आटोपतात, पात्र ठरलेले संघ डिसेंबर-जानेवारीत पुढचे सामने खेळतात, आणि मग थेट पुढच्या ऑगस्टपर्यंत मैदान रिकामे. या काळाला ऑफ-सीझन म्हणतात. तो निभावून नेण्याची साधने ए अँड एमच्या चाहत्यांकडे भरपूर आहेत. करंडकांचे कपाट मात्र तितके भरलेले नाही. सर्वमान्य असे राष्ट्रीय विजेतेपद 1939चे, आणि आपल्या विभागीय संघटनेचे शेवटचे विजेतेपद 1998चे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढचे बरेच काही त्यावरून उलगडते.

संस्था 1876 साली शेती आणि यंत्रविद्येचे महाविद्यालय म्हणून उघडली. नावातली 'ए' आणि 'एम' ही अक्षरे त्याच विषयांची. 1963पासून ती नुसतीच अक्षरे उरली आहेत. शेतीमुळे विद्यार्थ्यांना 'अ‍ॅगी' म्हणू लागले आणि ते नाव त्यांनी अभिमानाने मिरवले. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही मुख्यतः मुलांची, लष्करी शिस्तीची संस्था होती. 'कोअर ऑफ कॅडेट्स' या छात्रदलात भरती होणे सक्तीचे होते. आज छात्रदल ऐच्छिक असून एकूण विद्यार्थ्यांत त्याचे प्रमाण थोडे आहे. तरी सामन्याआधीचे संचलन, बँडची काटेकोर रांग, एका इशाऱ्यावर उठणारा हजारोंचा आवाज ही सारी त्या दिवसांचीच शिल्लक. 'काइल फील्ड' या मैदानाला एडविन काइल या प्राध्यापकांचे नाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शेती विभागाकडच्या जमिनीचा तुकडा कुंपण घालून खेळासाठी राखला. 2015मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणानंतर त्याची अधिकृत आसनक्षमता 1,02,733 आहे. विद्यार्थ्यांच्या बाजूला या आसनांचा उपयोग फारसा होत नाही, कारण तिथे कोणी बसतच नाही.

न बसण्यामागे एक कथा आहे. 2 जानेवारी 1922 रोजी डॅलस येथे ए अँड एमची गाठ केंटकी राज्यातील सेंटर कॉलेजशी पडली. छोट्या गावातल्या या सेंटर कॉलेजने त्याच हंगामात हार्वर्डला हरवून देशभर खळबळ उडवली होती. सामना जसजसा पुढे सरकला तसतसे ए अँड एमचे खेळाडू जखमी होऊन बाहेर पडू लागले आणि प्रशिक्षक डॅना बायबल यांच्याकडे राखीव गडी उरेनासे झाले. ई. किंग गिल हा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बास्केटबॉलसाठी फुटबॉल संघातून बाहेर पडला होता. त्या दिवशी तो वर पत्रकारकक्षात बसून मैदानातले खेळाडू ओळखून सांगण्याचे काम करत होता. बायबल यांनी त्याला खाली बोलावले. गिलने एका जखमी खेळाडूचा गणवेश अंगावर चढवला आणि सामना संपेपर्यंत तो सीमेवर तयार उभा राहिला. ए अँड एमने 22–14 असा विजय मिळवला. गिल काही शेवटपर्यंत मैदानात उतरला नाही. क्रिकेटमधला बारावा खेळाडू निदान पाणी घेऊन आत जातो, क्षेत्ररक्षणाला उभा राहतो. गिलच्या वाट्याला तेवढेही आले नाही. तरीही विद्यापीठात पुतळा त्याचा उभारला गेला.

एखाद्या संघाने आपला आद्य वीर म्हणून न खेळलेला माणूस निवडावा, यात या चाहत्यांचा सगळा स्वभाव आला. सामनाभर विद्यार्थी उभे राहतात, ते 'गरज पडली तर मी तयार आहे' या अर्थाने. 1983मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी हा अर्थ शब्दशः घेतला. शिष्यवृत्ती नसलेल्या सर्वसामान्य विद्यार्थ्यांमधून निवड करून त्यांनी किकऑफसाठी, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून खेळ सुरू करण्याच्या क्षणासाठी, वेगळी तुकडीच उभी केली. पुढे ती प्रथा एका खेळाडूपुरती उरली आणि 12 क्रमांकाचा शर्ट अशा खेळाडूच्या अंगावर येऊ लागला. दुसरीकडे विद्यापीठाने 1990मध्ये 'बारावा गडी' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले आणि ते वापरल्याबद्दल 2006मध्ये सिएटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाला कोर्टात खेचले. प्रकरण तडजोडीने मिटले. निःस्वार्थ तत्परतेची कथा आणि तिच्या नावासाठी वकील, दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात.

येथे चिअरलीडर नाहीत. पांढऱ्या कपड्यांतले पाच 'येल लीडर', म्हणजे घोषणांचे म्होरके, असतात, आणि त्यांना विद्यार्थी मतदान करून निवडतात. घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता काइल फील्डवर घोषणांचा सराव होतो, तो 'मिडनाइट येल'. सध्याच्या रूपात तो 1930च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे. येल लीडर हातांनी खुणा करतात, त्या रांगेरांगेने मागे पोचवल्या जातात, मग विद्यार्थी कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात टेकून एका सुरात ओरडतात. शेवटी दिवे मालवले जातात आणि ज्याने त्याने आपल्या जोडीदाराचे चुंबन घ्यायचे. जोडीदार नसलेल्याने लायटर पेटवायचा, म्हणजे अंधारात दुसरा एखादा एकटा जीव सापडेल. सामना जिंकला की छात्रदलातले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येल लीडरना धावून पकडतात आणि पाण्यात टाकतात. हरला, तर विद्यार्थी जागा न सोडता पुढच्या सामन्यासाठी थोडा घोषणासराव करून मगच पांगतात. 'अ‍ॅगी कधी हरत नाहीत, फक्त वेळ संपते' असे येथे म्हणतात. 1998नंतरच्या निकालांकडे पाहता या संघाची वेळ बऱ्याचदा संपली आहे.

संघाची शुभंकर म्हणजे रेव्हिली नावाची रफ कोली जातीची कुत्री. पहिली रेव्हिली मात्र साधी रस्त्यावरची होती. 1931मध्ये ती काही छात्रांच्या गाडीखाली आली आणि त्यांनी तिला वसतिगृहात आणून बरे केले. रेव्हिलीला छात्रदलातला सर्वांत वरचा हुद्दा असतो, आणि ती वर्गात भुंकली तर तास संपला असे समजण्याचा प्रघात आहे. मेलेल्या रेव्हिलींना मैदानाच्या उत्तर टोकाला धावफलक दिसेल अशा बेताने पुरतात. स्टेडियम वाढवताना तो फलक झाकला गेला, तेव्हा त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा फलक बसवण्यात आला. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. पण हिशेब सरळ आहे: गुणफलक पाहण्याचे काम कोणालाच कधी संपत नाही.

सगळ्याच परंपरा अशा निरुपद्रवी नव्हत्या. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाशी ए अँड एमची 1894पासूनची चुरस. त्या सामन्याआधी ओंडके रचून प्रचंड शेकोटी पेटवण्याची 'बॉनफायर' ही प्रथा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. झाडे तोडण्यापासून रचण्यापर्यंत सारे विद्यार्थीच करत. 1963मध्ये केनेडी यांच्या हत्येमुळे ती रचूनही पेटवली गेली नाही. 18 नोव्हेंबर 1999 रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास सुमारे 5,000 ओंडक्यांची, साठेक फूट उंचीची ती रचना बांधकाम चालू असतानाच कोसळली. 12 जण मृत्युमुखी पडले, 27 जखमी झाले. चौकशी आयोगाने रचनेतील दोषांइतकाच संस्थेच्या कारभारालाही दोष दिला: इतक्या मोठ्या बांधकामावर अभियंत्यांची देखरेख नव्हती. हे अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या विद्यापीठात घडले. आठवड्याभराने झालेल्या सामन्यात टेक्ससच्या बँडने टोप्या काढून मृतांना मानवंदना दिली. सामना ए अँड एमने 20–16 असा जिंकला. दुर्घटनेच्या जागी 2004मध्ये स्मारक झाले. त्यातल्या वर्तुळात बारा दारे असून प्रत्येक दार एकेका मृताच्या गावाच्या दिशेने उघडते. विद्यापीठाच्या आवारात शेकोटी पुन्हा पेटली नाही. बाहेर, विद्यापीठाशी संबंध न ठेवता, काही विद्यार्थी ती रचत आले आहेत. 2024मध्ये ती अधिकृतपणे परत आणण्याचा विषय निघाला, तेव्हा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नकार दिला. जुने विद्यार्थी यावर हळहळतात, पण परंपरा थांबवणे हाही परंपरेचाच मान राखणे असू शकते, हे त्या बारा दारांपुढे उभे राहिल्यावर पटायला जड जाऊ नये.

ऑफ-सीझनची सुरुवात भरतीपासून होते. शाळकरी खेळाडू डिसेंबरात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी विद्यापीठांशी करारबद्ध होतात, आणि त्यांच्या तारांकित क्रमवाऱ्यांवर चाहते सामन्याइतक्याच ईर्ष्येने भांडतात. ए अँड एमची 2022ची भरती देशात पहिल्या क्रमांकाची ठरली. त्या वर्षी संघ 5 सामने जिंकला आणि 7 हरला. त्यांतला एक पराभव तर घरच्या मैदानावर अ‍ॅपलाचियन स्टेटसारख्या लहान विद्यापीठाकडून झाला. 'ऑफ-सीझनचे विजेते' हा टोमणा प्रतिस्पर्ध्यांना तयारच मिळाला. नोव्हेंबर 2023मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढून टाकताना उरलेल्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठावर आले. त्यांच्या जागी आलेले माइक एल्को पूर्वी येथेच बचावफळीचे प्रशिक्षक होते.

आता भरतीपेक्षा जास्त धाकधूक 'ट्रान्सफर पोर्टल'ची असते. 2018मध्ये सुरू झालेल्या या नोंदवहीत नाव घातले की खेळाडू दुसऱ्या विद्यापीठाशी बोलणी करायला मोकळा. 2021पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. 2025मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट वाटाही देऊ लागली. त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा संस्थेमागे सुमारे 2.05 कोटी डॉलर होती. खेळाडूच्या दृष्टीने यात अन्याय काही नाही. प्रशिक्षक करोडो डॉलर घेऊन संघ बदलत असताना ज्याच्या गुडघ्यांवर सगळा खेळ चालतो त्याने तेवढे निष्ठेच्या गोष्टी ऐकायच्या, हे फार वर्षे चालले. पण चाहत्याचे गणित बदलले. पूर्वी एक चेहरा चार वर्षे ओळखीचा राही. आता जानेवारीत यादी पुन्हा पाठ करावी लागते. अकरा जण बदलत राहतात आणि बारावा तेवढा जागेवर असतो.

वसंतात पंधरा सराव सत्रे होतात आणि एप्रिलमध्ये संघाचेच दोन भाग करून 'मरून अँड व्हाइट' हा आपसांतला सामना खेळण्याचा रिवाज आहे. त्यातून फारसे कळत नाही, पण ज्याने जानेवारीपासून चेंडू पाहिलेला नाही त्याला तेवढेही पुरते. आपले चांगले खेळाडू इतरांच्या नजरेत भरतील या भीतीने काही विद्यापीठे हा सामना टाळू लागली आहेत. 2025मध्ये नेब्रास्का आणि टेक्सस यांनी नेहमीचा वसंत-सामना घेतला नाही.

याच महिन्यात, 21 एप्रिलला, 'मस्टर' असतो. फुटबॉलशी त्याचा थेट संबंध नाही, पण या चाहतावर्गाला समजून घ्यायचे तर मैदानापेक्षा येथे जास्त कळते. तारीख 1836च्या सॅन हासिंटो लढाईची, टेक्ससच्या स्वातंत्र्याची. जगभर तीनशेहून अधिक ठिकाणी माजी विद्यार्थी जमतात. वर्षभरात निधन पावलेल्यांची नावे पुकारली जातात आणि प्रत्येक नावाला घरचे किंवा मित्र 'हजर' असे उत्तर देतात. 1942मध्ये फिलिपिन्समधल्या कॉरेगिडॉर बेटावर जपानी तोफांच्या माऱ्याखाली अडकलेल्या अ‍ॅगी सैनिकांचा मस्टर प्रसिद्ध आहे. भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येथे अनेक विद्यार्थी येतात. त्यांतल्या पुष्कळांना चौथा डाउन (दहा यार्ड पुढे सरकण्याचा चौथा, शेवटचा प्रयत्न) म्हणजे काय हे पदवी मिळेपर्यंत कळत नाही, पण भेटल्यावर 'हाउडी' म्हणणे, चार तास उभे राहणे आणि हजेरीला जाणे अंगवळणी पडते.

उन्हाळ्यातल्या कसरतीची दंतकथा 1954ची. नवे प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांनी खेळाडूंना जंक्शन या दुष्काळी गावी नेऊन दहा दिवस पाण्याशिवाय, रणरणत्या उन्हात पिळून काढले. दोन बसमधून गेलेला संघ एका बसमधून परतला, असे शेवटपर्यंत टिकलेल्या खेळाडूंपैकी जीन स्टॉलिंग्ज पुढे सांगत. त्या वर्षी संघाने एक सामना जिंकला आणि नऊ हरले. दोन वर्षांनी त्याच मुलांच्या बळावर अपराजित राहून विभागीय विजेतेपद मिळाले, म्हणून जंक्शनचा गौरव होतो. उष्माघाताने एखादा मुलगा दगावला असता तर हीच गोष्ट वेगळ्या सुरात सांगितली गेली असती.

जुलैत सगळ्यांचे डोळे वेळापत्रकाकडे लागतात. 2012मध्ये ए अँड एम साउथइस्टर्न कॉन्फरन्स या विभागीय संघटनेत गेल्यावर टेक्ससशी होणारा वार्षिक सामना बंद पडला होता. 2011चा शेवटचा सामना टेक्ससने 27–25 असा अखेरच्या किकवर जिंकला आणि तो सल तेरा वर्षे तसाच राहिला. टेक्सस याच संघटनेत दाखल झाल्यावर 30 नोव्हेंबर 2024 रोजी काइल फील्डवर दोघे पुन्हा भिडले आणि टेक्ससने 17–7 अशी बाजी मारली. मधल्या काळातही ए अँड एमचे युद्धगीत दर सामन्यात टेक्ससची, म्हणजे 'लाँगहॉर्न' बैलाचे नाव मिरवणाऱ्या त्या संघाची, शिंगे कापण्याची भाषा करतच होते. ते गाताना विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून डोलतात आणि वरचा मजला डोळ्यांना दिसेल इतका हलतो.

सत्र सुरू होण्याआधी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी 'फिश कॅम्प'ला जातात. 1954पासून चालत आलेले हे शिबिर वरच्या वर्गातले विद्यार्थीच चालवतात. वर्गांच्या वेळा आणि वसतिगृहाचे नियम यांच्याबरोबरच तेथे हातांच्या खुणा, घोषणा आणि त्या कोणत्या वेळी द्यायच्या हे शिकवले जाते. गिलची गोष्टही सांगितली जाते, आणि नवे विद्यार्थी आपला पहिला सामना उभ्याने पाहायला येतात.