हवाई चप्पल आणि पायाचे आरोग्य

हवाई चप्पल म्हणजे रबराचा किंवा फोमचा सपाट तळ आणि अंगठा व शेजारच्या बोटामधून निघून दोन्ही बाजूंना जाणारा पट्टा असलेले, टाचेकडे मोकळे पादत्राण. नागपुरात तिला सर्रास ‘स्लीपर’ म्हणतात. जपानची झोरी ही गवती चप्पल तिची पूर्वज. ब्राझीलमध्ये १९६२ साली निघालेल्या ‘हवायानास’ या रबरी चपलेच्या तळावर झोरीची आठवण म्हणून तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी असते.

या चपलेचा सगळा भार बोटांवर. पाऊल उचलले की तळ मागे लोंबतो आणि तो निसटू नये म्हणून अंगठा व बोटे आकडीसारखी आवळली जातात. चालणाऱ्याला हे जाणवतही नाही, पण दर पावलाला घडते. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात स्लीपर घालणाऱ्यांची पावले खेळाच्या बुटांतल्यापेक्षा आखूड पडत असल्याचे दिसले. तळ सपाट आणि पातळ असल्याने पायाच्या कमानीला आधार नाही, टाचेला गादी नाही. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणाऱ्या जाड पट्टीवर ताण येत राहिला, तर सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते. वजन जास्त असेल किंवा दिवसभर उभ्याने काम असेल, तर हा त्रास लवकर गाठतो. दारापासून किराणा दुकानापर्यंत जाणाऱ्याने मात्र याची धास्ती घ्यायचे कारण नाही.

नागपूरचे हवामान यात आपली भर घालते. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत डांबरी रस्त्याची धग पातळ तळातून वर येते आणि अंगणात राहिलेली फोमची चप्पल आकसून वाकडी होते. उघड्या टाचेची कातडी कोरडी पडून भेगा जातात; भेग खोल गेली की रक्त येते आणि जंतूंना वाट मिळते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तळाला थरावर थर चिकटतो, मोकळा तळ फटकारा मारून शिंतोडे थेट पोटरीवर उडवतो. बोटांच्या बेचक्या सतत ओल्या राहिल्या की चिखल्या होतात. याबाबत मात्र स्लीपर ओल्या मोज्या-बुटांपेक्षा केव्हाही बरी, कारण पाय चटकन धुऊन कोरडा करता येतो. पट्टा सतत घासला की बेचकीत फोड येतो.

मुलांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. भारतातील २,३०० मुलांच्या पाहणीत (१९९२) बूट-चपला वापरणाऱ्यांपैकी ८.६ टक्के, तर अनवाणी वाढणाऱ्यांपैकी २.८ टक्के मुलांचे तळपाय सपाट आढळले. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण अधिक, चप्पल-सँडलवाल्यांत कमी. तेव्हा ‘पोराला लहानपणापासून कडक बूटच घाला’ हा घरोघरचा सल्ला तपासून घ्यावा असा आहे. चप्पल मुळीच नको, असेही नाही: काटा, काच आणि उघड्या मातीतून कातडीवाटे शिरणारा अंकुशकृमी यांना साधी स्लीपरही बऱ्यापैकी अडवते.

खरा धोका मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना. त्यांची चप्पल वाटेत निसटली तरी कळत नाही. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर तळवा भाजून फोड आला, तरी घरी येऊन पाय पाहीपर्यंत पत्ता नसतो. अशा पायांसाठीची चप्पल वेगळी असते. तिच्यात आत मऊ मायक्रोसेल्युलर (बारीक छिद्रांचे) रबर, खाली टणक रबर आणि टाचेमागे पट्टा असतो, खिळा एकही नसतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठीही हीच चप्पल देतात. ज्या विदर्भात १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि पुढे वरोऱ्याला आनंदवनात कुष्ठरुग्णांची सेवा उभी राहिली, तिथे तरी ती अनोळखी असू नये.

स्लीपर कधी टाकावी, हे ती उलटी करून पाहिले की कळते. टाचेखाली रबर कागदासारखे झालेले, एक कड जास्त झिजलेली, वरच्या बाजूला अंगठ्याचा काळा, गुळगुळीत खळगा. पट्ट्याचे बटण भोकातून निसटू लागले की बरेच जण खालून सेफ्टी पिन अडकवतात आणि आणखी एक पावसाळा काढतात. ती पिन तळव्याकडे कधी वळते, हे मात्र टोचल्यावरच समजते.