सनस्क्रीनच्या थरातली भोके

सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हाने भाजण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा, ३० वरून ५० वर न्यायचा असेल, तर अतिनील किरण शोषणाऱ्या रसायनांचे, म्हणजेच यूव्ही फिल्टरचे, प्रमाण वाढवावे, हा उपाय सहज सुचतो आणि उद्योगाने तो भरपूर वापरलाही आहे. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंचे, फिल्टर जास्त झाले की क्रीम तेलकट आणि चिकट होते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त झाले की सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर राखाडी-पांढरी झाक उरते, आणि ती टाळण्यासाठी लोक क्रीम हात राखूनच लावतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सेंद्रिय फिल्टर रक्तात उतरत असल्याचे आणि त्यांचे प्रमाण मिलिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅम या मर्यादेपलीकडे जात असल्याचे दिसले. मर्यादा ओलांडली म्हणजे अपाय सिद्ध झाला असे नव्हे. त्या पदार्थाच्या सुरक्षिततेचा अधिक अभ्यास हवा, एवढाच तिचा अर्थ आहे. प्रवाळांच्या काळजीपोटी हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे सेंद्रिय फिल्टर असलेल्या सनस्क्रीनच्या खुल्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. कमी फिल्टरमध्ये अधिक संरक्षण कसे मिळवायचे, या प्रश्नाला त्यामुळे जोर आला आहे.

उत्तराची सुरुवात थरापासून होते. एसपीएफ ५० म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे २ टक्के, आत जाणे. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. हा थर सुमारे २० मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि पाणी उडून गेल्यावर आणखी पातळ होतो. त्वचा मात्र सपाट नसते. तिच्यावरील बारीक घळी याहून खोल असू शकतात. क्रीम घळींत साचते आणि उंचवट्यांवर विरळ होते. आता एक सोपे गणित करून पाहू. थराने २ टक्के किरण आत सोडावेत, पण ५ टक्के त्वचा उघडी राहावी, असे समजा. एकंदर ६.९ टक्के किरण आत जातील आणि एसपीएफ जेमतेम १४.५ भरेल. त्याच सच्छिद्र थरात फिल्टर दुप्पट केले, तरी आकडा २० पर्यंतही पोहोचत नाही. याउलट फिल्टर तेवढेच ठेवून उघडी जागा ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली, तर एसपीएफ ३३ च्या पुढे जातो. छपराचे एक कौल निसटले असेल, तर उरलेली कौले दुपदरी करून गळती थांबत नाही.

म्हणून पहिला प्रयत्न भोके बुजवण्याचा. मेण आणि थर बांधणारे पॉलिमर क्रीम वाळताना त्याला आक्रसू देत नाहीत आणि उंचवट्यांवरून घसरूही देत नाहीत. दुसरी युक्ती मला अधिक सुंदर वाटते. बहुतेक फिल्टर तेलात विरघळतात. पाणी उडाले की त्वचेवर फिल्टरयुक्त तेलाचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये फिल्टरविरहित जागा उरतात. क्रीमच्या पाण्याच्या भागात एन्सुलिझोलसारखा पाण्यात विरघळणारा फिल्टर थोडासा घातला, तर नेमक्या त्या मधल्या जागा झाकल्या जातात आणि दोन फिल्टरच्या बेरजेपेक्षा अधिक संरक्षण मिळते. तेलाची निवडही महत्त्वाची असते, कारण ॲव्होबेन्झोनसारखा घन फिल्टर नीट विरघळला नाही आणि त्याचे स्फटिक झाले, तर तेवढा माल वाया गेला असेच म्हणावे लागते.

दुसरी दिशा प्रकाशाचा प्रवास लांबवण्याची आहे. सुमारे ३०० नॅनोमीटर व्यासाचे, पॉलिमरच्या कवचाचे पोकळ गोलक क्रीममध्ये मिसळतात. सुरुवातीला त्यांच्या पोटात पाणी असते. क्रीम वाळली की ते निघून जाते आणि जागी हवा येते. कवच आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेत, मोठा फरक असल्यामुळे अतिनील किरण तिथे विखुरतात, सरळ खाली उतरण्याऐवजी थरात वाकडेतिकडे फिरतात आणि वाटेत फिल्टरच्या रेणूंशी गाठ पडण्याची त्यांची शक्यता वाढते. गोलक स्वतः जवळजवळ काहीच शोषत नाहीत, त्यामुळे फिल्टर नसतील तर त्यांचा उपयोग नगण्य असतो. शिवाय हे कण शेवटी सूक्ष्मप्लास्टिकच. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध घातले असून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांना २०२९ पर्यंत मुदत दिली आहे. म्हणून सिलिका, सेल्युलोज आणि लाकडातील लिग्निन यांच्या कणांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे.

जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड आरशासारखे किरण परतवतात, असे सर्रास सांगितले जाते; प्रत्यक्षात मोजमापांत परावर्तनाचा वाटा अवघा ४-५ टक्के भरतो. तेही मुख्यतः शोषकच आहेत. त्यांच्या पुडीच्या गुठळ्या फोडून कण सारखे पसरवले, तर कमी पुडीत काम भागते.

फिल्टर टिकवणे हीसुद्धा बचतच आहे. ॲव्होबेन्झोन ३६० नॅनोमीटरच्या आसपासचे यूव्हीए (लांब लहरींचे अतिनील) किरण उत्तम शोषते, पण उन्हातच विघटित होते. ऑक्टोक्रिलीनसारखा पदार्थ त्याची शोषलेली ऊर्जा काढून घेतो आणि त्याला वाचवतो.

इथवरच्या सर्व युक्त्यांनी त्वचेत पोहोचणारे किरण खरोखर कमी होतात. परंतु एसपीएफ वाढवणारे पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्वच पदार्थांबाबत असे म्हणता येत नाही. एसपीएफ मोजण्याच्या रूढ पद्धतीत स्वयंसेवकांच्या पाठीवर क्रीम लावून कृत्रिम ऊन देतात आणि दुसऱ्या दिवशी किती मात्रेला त्वचा लाल झाली ते पाहतात. क्रीममध्ये बिसाबोलॉलसारखा दाहशामक पदार्थ असेल, तर लाली उशिरा किंवा फिकी येऊ शकते. आकडा वाढतो, पण डीएनएवर पडणारे किरण तेवढेच राहतात. उन्हाने भाजल्याची खूणच पुसली गेल्यामुळे माणूस अधिक वेळ उन्हात थांबेल, हा धोका मला थोडे फिल्टर जास्त असण्यापेक्षा गंभीर वाटतो. ब्युटाइलऑक्टाइल सॅलिसिलेटची गोष्ट निराळी आहे. ते मान्यताप्राप्त ऑक्टिसॅलेटच्या कुळातले असून यूव्हीबी (आखूड लहरींचे, त्वचा भाजणारे अतिनील) किरण शोषते, पण अमेरिकेच्या मान्य फिल्टरच्या यादीत नाही. त्यामुळे केवळ खनिज फिल्टर असल्याचे सांगणाऱ्या क्रीमच्याही निष्क्रिय घटकांत ते आढळते. संरक्षण खरे असते. फिल्टर कमी केल्याचा दावा मात्र कागदोपत्री उरतो.

खरे संरक्षण आणि नुसती दबलेली लाली यांतला फरक ओळखण्यासाठी माणसाच्या त्वचेवर विसंबून न राहणारे मापन लागते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२४ मध्ये मान्य केलेल्या दोन नव्या पद्धतींपैकी एकीत खडबडीत ॲक्रिलिक पट्ट्यांवर क्रीम पसरवून आरपार जाणारे किरण मोजतात. पट्टीला दाह होत नाही, त्यामुळे दाहशामकांचा आधार तिथे गळून पडतो. मात्र पट्टीला घामही येत नाही आणि ती हसताना सुरकुततही नाही, त्यामुळे थर बांधणाऱ्या पॉलिमरचा खरा कस तिच्यावर लागत नाही.