फ्रेंचचा मधला वर्ग: एका पातळीची पार्श्वभूमी

विद्यापीठात फ्रेंच घेतलेल्या मुलामुलींचं पहिलं वर्ष बहुधा आनंदात जातं. नाव-गाव सांगता येतं, कॉफी मागवता येते, घरच्या माणसांची ओळख करून देता येते. दर आठवड्याला पदरात काहीतरी नवं पडतं. अडचण सुरू होते ती पुढच्या वर्गात. पासे काँपोझे आणि अँपार्फे हे दोन भूतकाळ एकाच परिच्छेदात समोर येतात, इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप, म्हणजे स्युबजाँक्तिफ, येतं, ‘ई’ आणि ‘आँ’ ही दोन चिमुकली सर्वनामं वाक्यात कुठे बसवायची ते कळेनासं होतं. वर्तमानपत्रातला लेख वाचून त्यावर मत मांडायचं असतं. शिवाय एखादी कथा लावलेली असते, तिच्यातली क्रियापदांची रूपं पहिल्या वर्षी कधी पाहिलेलीच नसतात. इथे वर्ग रोडावतो. अभ्यास वाढवा, एवढंच आपण त्या मुलांना सांगतो. पण या वर्गाचा इतिहास पाहिला तर लक्षात येतं, की खड्डा तिथे आधीपासून आहे आणि तो बुजवायचं काम गेली सत्तरेक वर्षं चाललं आहे.

एकोणिसाव्या शतकात मधली पातळी असा वेगळा प्रश्नच नव्हता. युरोपातल्या शाळा-विद्यापीठांत आधुनिक भाषा लॅटिनसारख्याच शिकवल्या जात: नियम पाठ करा, वाक्यं भाषांतरित करा आणि शक्य तितक्या लवकर साहित्याला हात घाला. १८८३ साली पॅरिसमध्ये आलियाँस फ्राँसेजची स्थापना झाली आणि परक्या लोकांना फ्रेंच शिकवण्याचं काम जगभर पसरलं. १९०२ मध्ये फ्रान्सच्या सरकारनं आपल्या शाळांमधल्या परकी भाषांसाठी ‘प्रत्यक्ष पद्धत’ लावून दिली. भाषा त्या भाषेतूनच शिकवायची, भाषांतर टाळायचं. तरी मुक्कामाचं ठिकाण बदललं नाही. आलियाँसच्या पॅरिसमधल्या शाळेचे प्रमुख गास्ताँ मोजे यांचा अभ्यासक्रम १९५३ पासून प्रसिद्ध होऊ लागला. निळ्या मुखपृष्ठामुळे तो ‘निळा मोजे’ म्हणून जगभर ओळखला गेला. पहिल्या भागात अगदी साधी वाक्यं आणि शेवटच्या, चौथ्या भागात थेट फ्रेंच लेखक अशी त्याची चढण होती. चार भाग नेटानं पुरे करणाऱ्याला ती जमायची. जे मधेच अडकत त्यांच्यासाठी वेगळी सोय नव्हती, कारण फ्रेंच शिकायचं ते साहित्य वाचण्यासाठी हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

हे गृहीतक हललं ते एका मोजणीमुळे, आणि ती मोजणी मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजीचा पसारा वाढत होता. फ्रान्सच्या वसाहतींमध्ये आणि बाहेर फ्रेंचचा प्रसार करायचा तर सुरुवात नेमक्या कोणत्या शब्दांनी करावी, असा प्रश्न होता. १९५१ साली भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज गुगेनहाइम यांच्या नेतृत्वाखाली पॅरिसजवळच्या सँ-क्लूच्या शिक्षक-महाविद्यालयात एक गट कामाला लागला. त्यांनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि टेपरेकॉर्डरवर माणसांचं बोलणं टिपलं. १६३ ध्वनिमुद्रणं झाली, त्यात २७५ माणसं बोलली. एकूण शब्द भरले ३,१२,१३५. एकच शब्द कितीही वेळा आला तरी एकदाच धरल्यावर उरले फक्त ७,९९५ वेगवेगळे शब्द.

मग एक विचित्र गोष्ट दिसली. जेवणाच्या टेबलावरचा काटा सगळ्या फ्रेंच माणसांना माहीत, पण बोलण्यात त्याचं नाव क्वचितच येतं. नुसत्या वारंवारतेवर यादी केली तर असे रोजचे शब्द गळून पडतात. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांना गाठलं. शरीर, कपडे, स्वयंपाकघर, गाव, प्रवास असे १६ विषय दिले आणि प्रत्येक विषयावर चटकन सुचतील ते शब्द लिहायला सांगितले. जे शब्द बोलण्यात कमी येतात पण मनात तयार असतात, ते असे हाती लागले. दोन्ही वाटांनी मिळून पहिल्या पायरीची सुमारे दीड हजार शब्दांची यादी १९५४ मध्ये ‘फ्राँसे एलेमाँतेर’ (प्राथमिक फ्रेंच) या नावानं बाहेर आली. लगेच वादळ उठलं. मार्सेल कोएन या नामवंत भाषाशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तिच्या विरोधात पुस्तिकाच काढली. पुढे १९५९ मध्ये यादीचं नाव बदलून ‘फ्राँसे फाँदामाँताल’ (मूलभूत फ्रेंच) झालं आणि दुसऱ्या पायरीची यादीही आली.

या यादीबरोबर व्याकरणाचीही निवड झाली. लोक जे बोलत नाहीत ते पहिल्या पायरीतून वगळलं गेलं. त्यात ‘पासे सँप्ल’ हा भूतकाळ गेला. निर्णय बरोबरच होता, कारण बोलताना हा काळ जवळजवळ कुणी वापरत नाही. पण कथा-कादंबऱ्यांचं निवेदन शतकानुशतकं त्याच काळात होत आलं आहे. परिणामी बोलीवर वाढलेला विद्यार्थी दुसऱ्या टप्प्यावर पुस्तक उघडतो तेव्हा त्याला पहिल्याच पानावर अनोळखी रूपं भेटतात. आजच्या मधल्या वर्गातली ही अडखळण तिथून आलेली आहे.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या यादीवर ‘व्वा ए इमाज द फ्राँस’ हा दृक्श्राव्य अभ्यासक्रम उभा राहिला. सँ-क्लूचा क्रेदिफ हा विभाग आणि झाग्रेबचे भाषाशास्त्रज्ञ पेटार गुबेरिना यांचं हे संयुक्त काम. पडद्यावर चित्रपट्टी, सोबत टेपवरचा संवाद, पुस्तक बऱ्याच उशिरा. नवशिक्यांचे उच्चार आणि कान यामुळे झपाट्यानं तयार झाले. मात्र चित्र आणि संवाद यांनी दुकान दाखवता येतं, मतभेद दाखवता येत नाही. ‘त्यानं तसं करायला नको होतं, पण त्याची बाजूही समजून घ्यावी’ याचं चित्र कसं काढणार? १९७०च्या आसपास फ्रेंच शिक्षकांमध्ये दुसऱ्या पातळीचं काय करायचं, यावर खूप चर्चा झाली. त्यातून एक वाट निघाली ती खऱ्या मजकुराची: जाहिरात, रेडिओवरची मुलाखत, वाचकांचं पत्र, जे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलंच नाही असं काहीही. नान्सीच्या क्रापेल या केंद्रानं या बाबतीत बरंच काम केलं. आज वर्गात बातमीचं कात्रण वाटलं जातं, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरी वाट युरोपच्या परिषदेकडून, म्हणजे युरोपीय देशांच्या एका संघटनेकडून आली. १९७१ पासून तिथे प्रौढांच्या भाषाशिक्षणावर विचार सुरू होता. कामगार, प्रवासी, विद्यार्थी देशादेशांत जाऊ लागले होते. त्यांना परक्या समाजात आपलं आपण निभावून न्यायला किमान किती भाषा लागते? इंग्रजीसाठी याचं उत्तर १९७५ मध्ये आलं आणि फ्रेंचसाठी १९७६ मध्ये, दानिएल कोस्त आणि सहकाऱ्यांच्या ‘अँ निव्हो-सय’ (उंबरठ्याची पातळी) या जाडजूड ग्रंथातून. त्यात व्याकरण आहे, शब्दही आहेत, पण सुरुवात होते ती भाषेनं केलेल्या कृतींपासून: विनंती करणं, नकार देणं, तक्रार मांडणं, माफी मागणं, हो म्हणताना अट घालणं. मध्यम पातळी म्हणजे काय, याचं पहिलं नीट वर्णन मला इथे दिसतं. आज सहा पातळ्यांच्या युरोपीय शिडीत आपण ज्याला बी-वन म्हणतो (तिच्या वरची बी-टू) ती पातळी बऱ्याच अंशी या ग्रंथाची वारसदार आहे.

अमेरिकेत या वर्गाची कहाणी निराळी आहे. तिथल्या अनेक कॉलेजांत पदवीसाठी परकी भाषेची अट असते आणि बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्या वर्षाच्या फ्रेंचपाशी पूर्ण होते. म्हणजे मधला वर्ग हा पुष्कळांचा शेवटचा वर्ग असतो आणि थोड्यांचा साहित्याच्या अभ्यासाकडे जाणारा पहिला. एकाच बाकावर बसलेल्या या दोन गटांना एकच पुस्तक पुरणार कसं? १९६७ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल यांनी भाषेची पदवी घेणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. चार वर्षं भाषेत घालवूनही बहुतेकांचं बोलणं मर्यादित कामकाजापलीकडे फारसं गेलेलं नव्हतं, आणि परदेशात काही काळ राहिलेल्यांचं स्पष्टपणे सरस होतं. १९८६ मध्ये अमेरिकी भाषाशिक्षकांच्या संघटनेनं प्रावीण्याच्या पातळ्या ठरवल्या तेव्हा ‘इंटरमिजिएट’ची खूण अशी धरली: पाठ केलेली वाक्यं सोडून स्वतःची वाक्यं करता येणं. युरोपातल्या बी-टूपेक्षा ही पातळी बरीच खाली आहे. अमेरिकी विद्यापीठाचं प्रमाणपत्र घेऊन फ्रान्सला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. पुढे २००७ मध्ये मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या अमेरिकी संघटनेच्या अहवालानं मूळ दुखण्यावरच बोट ठेवलं. खालचे भाषेचे वर्ग एका प्रकारचे शिक्षक घेतात, वरचे साहित्याचे वर्ग प्राध्यापक घेतात, आणि या दोन मजल्यांमधला जिना कुणाच्याच ताब्यात नसतो.

आज जगभर रूढ झालेली सहा पातळ्यांची शिडी युरोपच्या परिषदेनं २००१ मध्ये प्रसिद्ध केली. १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये भरलेल्या परिसंवादात तिची मागणी झाली. त्यानंतर स्विस शाळांमधल्या जवळपास ३०० शिक्षकांनी सुमारे २,८०० विद्यार्थ्यांकडे पाहून ‘याला हे जमतं, हे जमत नाही’ असे निर्णय दिले आणि त्यावरून पातळ्यांची वर्णनं रचली गेली. म्हणजे ही शिडी बऱ्याच अंशी शिक्षकांच्या नजरेतून उतरली आहे. बी-टूबद्दल लिहिताना त्या दस्तऐवजात मधल्या पठाराचा उल्लेख आहे: विद्यार्थी पठारावरून सावकाश पण न थांबता चालत असतो आणि बी-टूला पोचल्यावर त्याला भोवतालचं वेगळं दिसू लागतं. अधिकृत कागदपत्रात इतकं समजूतदार वाक्य मी क्वचित वाचलं आहे. मधल्या वर्गात निराश झालेल्या प्रत्येकाला ते दाखवावं.

डेल्फ ही फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची परीक्षा १९८५ मध्ये सुरू झाली. आधी ती स्वतंत्र घटकांमध्ये विभागलेली होती, २००५ मध्ये ती या शिडीला जोडली गेली. प्रत्येक पातळीवर ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना २५-२५ गुण, उत्तीर्ण व्हायला ५०, आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी पडले तर नापास. बी-वनला स्वतःचं मत साध्या शब्दांत मांडता आलं की भागतं. बी-टूला अधिकाऱ्याला किंवा संपादकाला पत्र लिहून मुद्दा पटवून द्यावा लागतो. फ्रान्समधली अनेक विद्यापीठं पदवीच्या प्रवेशासाठी बी-टू मागतात, कॅनडात स्थलांतराच्या निवडीतही फ्रेंचला वजन आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या आलियाँसमध्ये आता साहित्याच्या ओढीनं आलेल्यांच्या शेजारी नोकरी आणि व्हिसाचं गणित मांडणारेही बसलेले असतात. पुण्यात ‘रानडेला फ्रेंच करतोय’ म्हणणाऱ्यांमध्येही (रानडे म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, तिथला विद्यापीठाचा परकी भाषांचा विभाग) दोन्ही प्रकारचे विद्यार्थी भेटतात. अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलेल्यांना हा बदल जास्त जाणवतो, कारण तिथे लेखी परीक्षेवर निभावून गेलेलं असतं आणि इथे कान आणि जीभ दोन्ही लागतात.

या टप्प्यावर मराठी माणसाजवळ एक भांडवल आहे आणि ते वर्गात पुरेसं वापरलं जात नाही. ‘लहानपणी आम्ही नदीवर जायचो’ आणि ‘काल आम्ही नदीवर गेलो’ यातला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. अँपार्फे आणि पासे काँपोझे यांच्यातला बराचसा फरक तोच आहे. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातलं ‘यावंस’ ज्याला कळतं, त्याला स्युबजाँक्तिफ कशासाठी आहे ते अर्धं कळलेलंच असतं. इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकांमधून शिकताना हे दोन्ही मुद्दे उगाच अवघड होऊन बसतात, कारण इंग्रजीत ही रूपं इतकी उघडपणे दिसत नाहीत.

आणि नेमकं याच बाबतीत अलीकडे दार किलकिलं झालं आहे. प्रत्यक्ष पद्धतीपासून पुढे शंभर वर्षं विद्यार्थ्याची स्वतःची भाषा वर्गाबाहेर ठेवण्याकडेच कल राहिला. या शिडीच्या २०२०च्या पुरवणी खंडात युरोपच्या परिषदेनं ‘मध्यस्थी’ला तपशीलवार पातळ्या दिल्या: एका भाषेतला मजकूर वाचून त्याचं सार दुसऱ्या भाषेत समोरच्याला सांगणं, दोन माणसांमधला गैरसमज दूर करणं. मराठी दैनिकातली पाणीकपातीची बातमी वाचून ती फ्रेंच पाहुण्याला समजावून सांगणं, हा आता बी-वनच्या वर्गातला रीतसर अभ्यास ठरू शकतो. डेल्फच्या प्रश्नपत्रिकेत मात्र त्यासाठी वेगळा विभाग नाही, तिथे चार कौशल्यांचे २५-२५ गुणच आहेत.