जीएम पिकांची अन्न व पशुखाद्य सुरक्षा तपासणी

जनुकीय फेरबदल केलेले (जीएम) पीक माणसाच्या ताटात किंवा जनावरांच्या दावणीत येण्यापूर्वी त्यापासून विषबाधा, ॲलर्जी किंवा पोषणातील उणीव उद्भवू शकते का, हे ठरविण्याची शास्त्रीय व कायदेशीर पद्धत. परागकणांतून होणारा जनुकांचा प्रसार, मधमाश्या, जमिनीतील सूक्ष्मजीव यांच्यावरील परिणाम वेगळे तपासले जातात; त्यांचा समावेश या नोंदीत नाही.

खाद्यरंग किंवा परिरक्षकासारख्या रसायनाची चाचणी सरळ असते. प्राण्यांना वाढत्या मात्रा देतात. ज्या मात्रेला काहीच अपाय दिसत नाही, तिच्या सहसा शंभराव्या हिश्श्यापर्यंतचे सेवन माणसासाठी सुरक्षित मानले जाते. अख्ख्या वांग्याची किंवा मक्याची अशी चाचणी होऊ शकत नाही. उंदराला नुसती वांगीच खाऊ घातली तर त्याचे पोषण बिघडते, आणि दिसणारा परिणाम जनुकाचा की असंतुलित आहाराचा हे कळत नाही. म्हणून येथे तुलनेचा मार्ग घेतला जातो. जे मूळ वाण लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले, त्याच्यापेक्षा नवे वाण कोणत्या बाबतीत वेगळे आहे ते शोधायचे आणि तेवढ्या फरकाची कसून परीक्षा करायची. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1993 मध्ये हा विचार मांडला. अन्नमानके ठरविणाऱ्या कोडेक्स आयोगाने 2003 मध्ये त्यावर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि बहुतेक देशांचे नियम त्यांना धरून आहेत. या पद्धतीने ‘पूर्णतः निर्धोक’ असे प्रमाणपत्र मिळत नाही. मिळतो तो इतकाच निष्कर्ष, की नवे वाण मूळ वाणाइतकेच सुरक्षित आहे. हा निष्कर्ष एका ‘इव्हेंट’पुरता असतो, म्हणजे विशिष्ट जनुक गुणसूत्राच्या विशिष्ट जागी बसलेल्या एका वंशापुरता. त्यामुळे ‘जीएम अन्न सुरक्षित आहे का’ या सरसकट प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नसते.

तपासणीची सुरुवात जनुकापासून होते : ते कोठून घेतले, त्याच्या किती प्रती बसल्या, बसताना पिकाचे स्वतःचे एखादे जनुक मोडले का. त्यानंतर त्या जनुकामुळे तयार होणारे प्रथिन तपासतात. त्याची रचना ज्ञात विषांशी व ॲलर्जीकारक प्रथिनांशी संगणकावर ताडून पाहतात. 80 अमिनो आम्लांच्या पट्ट्यात 35 टक्क्यांहून अधिक साम्य आढळले तर पुढील चौकशी होते. जठरासारख्या आम्लात पेप्सिन या पाचक विकराने प्रथिन किती लवकर तुटते, उष्णतेने ते निकामी होते का, हेही पाहतात. पिकाच्या घटकद्रव्यांची तुलना करताना त्या पिकाचे जन्मजात दोष, म्हणजे त्यात मुळातच असणारी अपायकारक द्रव्ये, विशेष तपासावे लागतात : सरकीत गॉसिपॉल, मोहरीत इरुसिक आम्ल व ग्लुकोसिनोलेट, वांग्यात अल्कलॉइडे.

ही पद्धत धोका वेळीच पकडू शकते, याचा उत्तम दाखला ब्राझील नटच्या जनुकाचा आहे. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ते वाढवून पशुखाद्य सुधारावे म्हणून अमेरिकेत एका कंपनीने सोयाबीनमध्ये ब्राझील नटचे जनुक घातले. या नटची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवावर चाचणी झाली, तेव्हा नेमके नटमधील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनच सोयाबीनमध्ये आल्याचे उघड झाले. निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. ‘हे तर फक्त जनावरांसाठी आहे’ असे म्हणून पुढे जाणे धोक्याचे ठरले असते. तो धोका ‘स्टारलिंक’ मक्याने दाखवून दिला. त्यातील क्राय9सी हे प्रथिन पचनात सहज तुटत नसल्याने 1998 मध्ये अमेरिकेने हा मका केवळ पशुखाद्य व औद्योगिक वापरासाठी मान्य केला. 2000 मध्ये तो माणसांच्या खाण्यातील टाको कवचांत (मक्याच्या कुरकुरीत घडीच्या पोळ्यांत) सापडला आणि शेकडो उत्पादने परत मागवावी लागली. तक्रार करणाऱ्यांच्या रक्ततपासणीत या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही; पण शेत, गोदाम आणि गिरणी एकच असताना अन्न व पशुखाद्य वेगळे राहत नाहीत, हे सिद्ध झाले. त्यानंतर अमेरिकेने अशी अर्धी मान्यता देणे थांबविले.

प्राण्यांवरील आहार-चाचण्या सर्वाधिक वादग्रस्त आहेत. उंदरांवर 90 दिवसांची चाचणी रूढ आहे. 2012 मध्ये फ्रान्सच्या सेरालिनी यांनी दोन वर्षांच्या अभ्यासातून जीएम मक्यामुळे गाठी होतात असा दावा केला. प्रत्येक गटात एका लिंगाचे दहाच उंदीर होते आणि त्या जातीच्या उंदरांना वयोमानाने गाठी होतातच. 2013 मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. 2014 मध्ये तो अन्यत्र पुन्हा छापला गेला. त्या लेखातून दावा सिद्ध होत नाही, हे स्पष्टच आहे. युरोपीय संघाने 2013 मध्ये 90 दिवसांची चाचणी सक्तीची केली, पण आधी फरकच आढळला नसेल तर अशी चाचणी नवी माहिती क्वचितच देते, असे त्याच्याच निधीवर झालेल्या ‘ग्रेस’ प्रकल्पात दिसले. वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांवरील सहा आठवड्यांची चाचणी खाद्याचे पोषणमूल्य ओळखायला अधिक उपयोगी पडते.

भारतात 26 मार्च 2002 रोजी मान्यता मिळालेला बीटी कापूस (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे कीडनाशक जनुक घातलेला) हे व्यापारी लागवडीचे पहिले जीएम पीक. लोक त्याला धाग्याचे पीक समजतात. परंतु सरकीचे तेल माणसे खातात आणि सरकीची पेंड (विदर्भात ढेप) गाई-म्हशींना घातली जाते. त्यामुळे हे अन्नाचेही पीक आहे. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, म्हणून खरा प्रश्न ढेपेचा आणि दुधाचा. गाईंवरील चाचण्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत, म्हशींवरील पंतनगरला, शेळ्यांवरील लखनौला, कोंबड्यांवरील इज्जतनगरला आणि माशांवरील मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत झाल्या. त्यांत अपाय आढळला नाही.

जीएम जीवांविषयीच्या भारताच्या 1989 च्या नियमांनुसार संशोधनाच्या टप्प्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची समिती आणि लागवडीच्या टप्प्यावर पर्यावरण मंत्रालयाची ‘जीईएसी’ (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती) निर्णय घेते. चाचण्यांची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2008 मध्ये प्रसिद्ध केली. चाचण्यांचा खर्च अर्जदार कंपनी करते आणि माहितीही तीच सादर करते. म्हणून ती माहिती उघड असणे हाच या व्यवस्थेवरील विश्वासाचा पाया आहे. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याचा तपशील न्यायालयीन व माहिती अधिकाराच्या पाठपुराव्यानंतर खुला झाला. जीईएसीने 14 ऑक्टोबर 2009 रोजी दिलेली मंजुरी, नागपूरसह सात शहरांतील जनसुनावण्यांनंतर, पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगित केली. बांगलादेशाने मात्र तेच वांगे 2013 मध्ये मान्य केले. ‘डीएमएच-11’ या जीएम मोहरीच्या 2022 मधील मान्यतेवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जुलै 2024 मध्ये परस्परविरोधी निकाल दिले. 2021 मध्ये खाद्यटंचाईमुळे कुक्कुटपालनासाठी 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीची परवानगी दिली गेली; पेंडीत उगवणक्षम, जिवंत काही नसते हे कारण त्यामागे होते. ते पर्यावरणाच्या दृष्टीने पुरेसे असले, तरी खाद्यसुरक्षेचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आज महाराष्ट्रात सर्वांत गंभीर बाब तपासणीच्या बाहेरच्या बियाण्याची आहे. तणनाशक सहन करणाऱ्या ‘एचटीबीटी’ कापसाला भारतात मान्यता नाही. अशा वाणाचा अर्ज महिकोने 2016 मध्ये मागे घेतला. तरीही हे बियाणे चोरून विकले जाते, आणि जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते जाहीरपणे पेरले. तण काढण्याची मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. मात्र निनावी पाकिटात कोणता इव्हेंट आहे, कशाची भेसळ आहे आणि फवारलेल्या तणनाशकाचा अंश सरकीत किती उतरतो, हे कोणत्याही संस्थेने प्रमाणित केलेले नाही. ती सरकी जिनिंगमध्ये मान्य वाणांच्या सरकीत मिसळते आणि त्याच घाण्यातून तिचे तेल व ढेप निघते.