जेवणाचं कुपन: कायद्याची सक्ती की मालकाची मर्जी?

‘जेवणाचं कुपन प्रत्येक कामगाराला मिळालंच पाहिजे, तसा कायदाच आहे,’ हा ब्राझीलमधला जुना समज आहे. तो चुकीचा आहे. तिथला कामगार कायदा अशी सरसकट सक्ती करत नाही. १९७६ च्या कायद्याने आलेली कामगार आहार योजनाही ऐच्छिक आहे. सामील होणाऱ्या कंपन्यांना करसवलत मिळू शकते, इतकंच. सक्ती आहे ती प्रवासाच्या कुपनाची. दोन्हींची गल्लत सहज होते.

पण म्हणून ‘देणं न देणं मालकाच्या हातात’ असं म्हणणं आणखी घातक, कारण त्यावर विश्वास ठेवून कामगार हक्काचे पैसे सोडून देतो. कामगाराच्या क्षेत्रातल्या कामगार आणि मालक संघटनांच्या सामूहिक करारात कुपनाचं कलम असेल, तर ते पाळावंच लागतं. कामगार संघटनेचा सभासद नसला, तरीही! रक्कम किती, पगारातून किती कापायचं, रजेच्या दिवसांत मिळणार का, हे करारातच पाहावं.

करार जास्तीत जास्त २ वर्षांचा असतो आणि कामगार कायद्यातल्या २०१७ च्या सुधारणेनंतर मुदत संपल्यावर तो आपोआप पुढे चालत नाही. त्यामुळे जुनी प्रत दाखवून भांडू नका, चालू कराराची प्रत संघटनेकडून मागून घ्या.