खलबत्त्यातली गोळी

‘पोटात जाऊन विरघळणारच ना, मग कुटून दिली तर काय बिघडलं?’ इंदूरला रामबागेतल्या मराठी घरांत आजी-आजोबांच्या शुश्रूषेला जाते, तेव्हा हे हमखास ऐकते. प्रेमापोटीच करतात, पण समजूत चुकीची आहे.

पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं किंवा ‘रिटार्ड’ हा शब्द दिसला, तर ती गोळी औषध तासन्‌तास थोडंथोडं सोडण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. रक्तदाबाची निफेडिपिन रिटार्ड अशी दिली, तर दाब झपकन घसरतो. आजोबा उठताना कोसळतात आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आला. आम्लपित्तावरच्या पॅन्टोप्राझोल गोळीचं उलटं. तिच्यावरचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असतं. ते फुटलं की औषध जठरातच नासतं. हळूहळू औषध सोडणारी गोळी मधोमध रेघ असलेली असली, तरी फार तर अर्धी करायची, चुरा नाही. (रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल एक्सएलच्या बऱ्याच गोळ्या अशाच रेघेच्या असतात.)

मी मात्र आधी माणसाला गिळता येतं का ते बघते. ताठ बसवून चमचाभर पाणी देते. ठसका लागला, आवाज ओला-घोगरा झाला, तर तोंडाने काहीच न देता डॉक्टरांना फोन. मधात कालवलेला चुराही अशा वेळी श्वासनलिकेत जाऊ शकतो.

गिळायला त्रास होतो एवढं डॉक्टरांना सांगा. बऱ्याच औषधांना सिरप किंवा दुसरा पर्याय मिळतो.