बुटकेपणाचे दोन मार्ग: वृद्धिघटकांची जनुके आणि हाडांची वाढ

पॉमेरेनियन आणि डॅशहुंड या दोन्ही कुत्र्यांना आपण सरसकट 'लहान जातीचे' म्हणतो, पण त्यांचा लहानपणा एकसारखा नाही. पॉमेरेनियनचे डोके, धड आणि पाय एकमेकांच्या प्रमाणात लहान असतात, तर डॅशहुंडचे धड चांगले लांब असून आखूड असतात ते फक्त पाय. या फरकाच्या मुळाशी दोन वेगवेगळ्या वृद्धिघटकांची, म्हणजे पेशींना वाढीचे संदेश देणाऱ्या प्रथिनांची, जनुके आहेत.

पहिला घटक म्हणजे इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१, अर्थात आयजीएफ-१. वाढीच्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत तो मोठ्या प्रमाणावर तयार करते आणि रक्तावाटे तो सर्वत्र पोहोचतो. त्यामुळे तो कमी पडला की सगळे शरीरच लहान राहते. एकाच जातीत लहानमोठी कुत्री आढळणाऱ्या पोर्तुगीज वॉटर डॉगचा अभ्यास करून नेथन सटर, इलेन ऑस्ट्रँडर या जनुकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की लहान जातींच्या बहुतेक कुत्र्यांत या जनुकाचे एक ठराविक रूप असते. माणसाने लहान कुत्री निवडून पैदास केली तेव्हा हे रूप नव्याने उद्भवले असावे, असे तेव्हा सहज वाटण्यासारखे होते. २०२२ मध्ये मात्र आयजीएफ-१ च्या कामावर परिणाम करणारा एक बदल सापडला आणि त्याचे 'लहान' रूप सैबेरियातील सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही आढळले. कुत्रा माणसाळण्याच्या कितीतरी आधीपासून ते निसर्गात होते. माणसाने फक्त ते निवडले. या सगळ्या संशोधनातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे.

डॅशहुंडचे पाय समजून घ्यायचे तर वाढत्या हाडाच्या टोकाजवळ पाहावे लागते. तेथे कूर्चेची एक पातळ वाढपट्टी असते. तिच्यातील पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असून त्या आधी विभागतात, मग फुगतात, आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होते. हाड लांबीला वाढते ते या क्रमामुळे. डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड अशा जातींत फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक-४ या जनुकाची एक जादा प्रत असल्याचे २००९ मध्ये उघड झाले. मूळ जनुकाच्या आरएनएवरून, म्हणजे पेशीने काढलेल्या त्याच्या कामचलाऊ नकलेवरून, पुन्हा डीएनए तयार होऊन ती गुणसूत्रात भलत्याच ठिकाणी जाऊन बसली आहे. वृद्धिघटक जास्त झाला तर पाय लांब व्हायला हवेत, असे कोणालाही वाटेल. परंतु फायब्रोब्लास्ट वृद्धिघटकांच्या कुटुंबातले संदेश वाढपट्टीतील पेशींच्या विभाजनाला आवर घालू शकतात, म्हणून जादा प्रतीने पाय आखूड होतात. याच जनुकाची आणखी एक जादा प्रत १२ व्या गुणसूत्रावर असते. ती पायांबरोबर मणक्यांमधील चकत्यांवरही परिणाम करते, आणि डॅशहुंडना पाठीचे गंभीर दुखणे वारंवार का होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्यात आहे.

माणसातही हाच आवर कळीचा ठरतो. अॅकॉन्ड्रोप्लेझिया या बुटकेपणाच्या जनुकीय विकारामध्ये धड जवळजवळ नेहमीच्या लांबीचे, पण हातपाय आखूड असतात. त्याचे कारण १९९४ मध्ये सापडले: या वृद्धिघटकांचा संदेश स्वीकारणाऱ्या एफजीएफआर-३ या प्रथिनातील ३८० व्या स्थानी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते आणि आवर घालणारा संदेश गरजेपेक्षा जोराने चालू राहतो. अशा सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, म्हणजे बदल त्या मुलातच प्रथम दिसतो. तेव्हा घराण्यात दोष शोधणे किंवा आईच्या गरोदरपणातील आहाराला बोल लावणे सर्वस्वी चुकीचे आहे. २०२१ मध्ये मान्यता मिळालेले व्होसोरिटाइड हे औषध पेशीच्या आत या संदेशाची साखळी मध्येच अडवते. ते रोज इंजेक्शनने द्यावे लागते आणि वाढपट्ट्या खुल्या असेपर्यंतच उपयोगी पडते, कारण पौगंडावस्थेच्या अखेरीस त्या पट्ट्यांचे हाड होऊन गेले की लांबी वाढवू शकणाऱ्या पेशीच तेथे उरत नाहीत.